नकाराची मुदत

बूथमधली शांतता त्या दिवशी कुणालाच सोसवत नव्हती.

एरवी शांतता हाच त्या खोलीचा व्यवसाय. भिंतींवर फोमचे जाड थर, दाराला रबराची कड, मधे दुहेरी काच. बाहेर पाऊस कोसळत असला तरी आत त्याची कुजबुजही पोचत नसे. पण आज रुग्णाच्या खुर्चीत खुद्द श्रवणतज्ज्ञ बाई बसल्या होत्या. कानांवर हेडफोन, मुठीत बटण, आणि चेहऱ्यावर पेपर कोरा राहिलेल्या विद्यार्थ्याचा भाव. काचेपलीकडे मावशी यंत्राची चकती एकेक खूण फिरवत होती. तिच्या शेजारी एक अनोळखी माणूस उभा होता. भिजलेली छत्री कुठे टेकवावी हे न कळल्याने त्याने ती हातातच धरली होती, आणि तिचे पाणी त्याच्याच बुटात ठिबकत होते.

खुर्चीतल्या बाईंना मावशी टिटवी म्हणे. लहानपणी घरात चमचा पडला तरी ही जागी होऊन बसायची, म्हणून टिटवी. आई गेल्यावर मावशीनेच तिला वाढवले, शिकवले, आणि स्वतःच्या श्रवण केंद्रात आणून बसवले. ज्या कानांनी घरात कुणाला सुखाने झोपू दिले नाही, त्याच कानांवर आता दोघींचे घर चालत होते.

आणि त्याच कानांनी आज घात केला होता.

केंद्राच्या खात्याचा पासवर्ड टिटवीने आपल्याच उजव्या कानावरून बेतला होता. खालच्या सुरापासून वरच्या सुरापर्यंत, कोणता सूर किती बारीक असताना ऐकू येतो, त्याचे आकडे ओळीने. कुठे लिहायला नको, कुणाला सांगायला नको. विसरलाच तर बूथमध्ये बसावे आणि कान तपासून घ्यावा. स्वतःच्या देहात पुरलेली किल्ली. या युक्तीवर ती मनातल्या मनात खूश होती. मग सर्दी झाली, ताप आला, तापात आकडे पुसले गेले. आणि ते परत शोधायला ती कान तपासायला बसली तेव्हा सर्दीने दडे बसलेला कानच वेगळे आकडे सांगू लागला. सर्दी असताना तपासणीला येऊ नका, हे वाक्य तिच्याच हस्ताक्षरात दारावर लावलेले होते.

“झालं गं,” मावशीचा आवाज हेडफोनमधून आला. “काढलेत आकडे. बाहेर ये.”

टिटवी संगणकापाशी बसली. आकडे टाकले. पडदा क्षणभर विचारात पडल्यासारखा थांबला, आणि त्याने नकारार्थी मान हलवली.

“उजवा की डावा होता?” मावशीने विचारले.

“उजवा.”

“डावा टाकून बघूया का?”

“थांबा,” तो अनोळखी माणूस म्हणाला. “आणखी एकदा चुकलं तर खातं बंद पडेल. मग दिवसच्या दिवस पत्रव्यवहार करत बसावं लागेल.”

टिटवीने वर पाहिले. “तुम्ही कोण?”

“संगणकाच्या कुलपांचं काम करतो. मावशींनी फोन केला होता.”

“कुलूपवाला,” मावशीने तिथल्या तिथे त्याचे बारसे उरकले.

त्या बंद खात्यात माणसांचे आवाज होते. प्रत्येकाच्या कानातले यंत्र कोणत्या सुराला किती उचलून देते, कोणाची नात कोणत्या पट्टीत बोलते म्हणून कुठला स्वर जरा जास्त उघडा ठेवला आहे— सगळ्या जुळण्या आत होत्या. बाहेर बाकावर एक निवृत्त शाळामास्तर आपले मुके पडलेले यंत्र रुमालात गुंडाळून बसले होते. टिटवीला त्यांच्याकडे पाहवत नव्हते.

“या खात्यात तुम्ही कधी दुसऱ्या एखाद्या यंत्रावरून शिरला होतात का?” कुलूपवाल्याने विचारले. “जुना फोन वगैरे?”

दोघी एकमेकींकडे पाहत राहिल्या. मग मावशीने कपाळावर हात मारला आणि ती खेळण्यांच्या कपाटाकडे धावली. लहान मुलांना चित्रे दाखवायचा जुना टॅबलेट, एका कापडी सशाच्या खाली निपचित पडलेला. तिने तो चार्जिंगला लावला. अखेर पडदा उजळला. खाते आतून उघडेच होते.

टिटवीने टॅबलेट त्याच्यापुढे सरकवला. त्याने तो तसाच परत तिच्याकडे सरकवला.

“तुम्हीच बदला. नवा काहीही टाका, फक्त कानावरून नको.” आणि तो वळून भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

“असे काय उभे राहिलात?”

“तुम्ही पासवर्ड टाकताय ना.”

इतके साधे होते ते. पण टिटवीची बोटे काचेवर क्षणभर अडखळली. आपल्या आयुष्यात पासवर्ड टाकताना कुणी पाठ फिरवल्याचे तिला आठवत नव्हते. मान लांब करून पाहणारे आठवत होते. भिंतीवर कानाच्या आतल्या भागाचे मोठे चित्र होते, आणि तो त्याच्याशी नाक लावून, शिक्षा झालेल्या मुलासारखा, वाचत होता.

“हातोडा, ऐरण, रिकीब,” तो पुटपुटला. “एवढीएवढीशी हाडं, आणि नावं सगळी लोहाराच्या नि घोडेस्वाराच्या घरची.”

मावशी हसली. टिटवी हसली नाही. पण तिच्या दडे बसलेल्या उजव्या कानात तो आवाज बराच वेळ राहिला.

पुढच्या वेळी तो आला तेव्हा ऊन पडले होते, तरी छत्री बरोबर होतीच. दुपारच्या सुट्टीत केंद्राच्या मागच्या खोलीत तिघे बसले.

“पासवर्ड सांभाळण्याची व्यवस्था लावायची, तर तुमच्यापुढे तीन वाटा आहेत,” त्याने सुरुवात केली. “पहिली, ब्राउझरलाच सगळं लक्षात ठेवू द्यायचं. सोपी. पण तुमच्या खुर्चीत जो बसेल त्याला सगळं आयतं मिळेल.”

“माझ्या खुर्चीत कुणी बसत नाही,” टिटवी म्हणाली.

“मी बसते,” मावशी म्हणाली. “पत्ते खेळायला.”

“दुसरी वाट, एक कुलूपबंद फाइल, फक्त तुमच्या संगणकावर. ती कुणाच्या दारात जात नाही. मात्र फोनवर, टॅबलेटवर तुम्हालाच ती नेऊन ठेवावी लागेल. इथे एक पासवर्ड बदलला, तिथे न्यायला विसरलात, की दोन ठिकाणी दोन सत्यं.”

“आणि संगणक बिघडला तर?”

“दुसरी प्रत ठेवली असेल तर ठीक. नाहीतर गेलं.”

“तिसरी?”

“तिसरी म्हणजे तिजोरी सांभाळणारी सेवा. कुलूप तुमच्याच यंत्रावर लागतं, नंतर ती तिजोरी त्यांच्याकडे जाते, आणि तुमच्या सगळ्या यंत्रांवर आपोआप सारखी राहते. त्यांच्याकडे बंद पेटी असते, किल्ली नसते.”

टिटवीने डोळे बारीक केले. “किल्ली नाही, हे त्यांच्या तोंडचं. खरं कशावरून?”

तो खुर्चीत सावरून बसला. प्रश्न त्याला आवडल्याचे त्याला लपवता आले नाही. “म्हणून अशी निवडायची की जिचं कुलूप कसं बनवलंय ते उघड्यावर मांडलेलं आहे. जाणकार लोक उलटंपालटं करून बघतात.”

“कंपनीच बुडाली तर?”

“सगळं बाहेर काढून दुसरीकडे नेता आलं पाहिजे. तेही आधी तपासायचं. जिथून बाहेर पडता येत नाही, तिथे आत जायचं नाही.”

हे वाक्य तो तिजोरीबद्दल बोलला होता. टिटवीने मात्र कपातला चहा उगाच ढवळला.

“आणि मुख्य पासवर्ड मीच विसरले तर?”

“तर कुणीच उघडू शकत नाही. कंपनी नाही. मीही नाही.”

“हे चांगलं की वाईट?”

“दोन्ही,” तो म्हणाला. “खऱ्या कुलपाचं असंच असतं.”

तिसरी वाट ठरली. मुख्य पासवर्ड म्हणजे चार-पाच साधे शब्द, असे त्याने सांगितले. फक्त त्यांचा एकमेकांशी काही संबंध नको.

“म्हणजे अनोळखी शब्द.”

“अगदी. एकमेकांना कधी भेटलेच नव्हते असे.”

“पण रोज एका ओळीत उभं केल्यावर... ओळख होणारच ना त्यांची?”

“ती झाली तर चालते,” त्याने शांतपणे उत्तर दिले. “बाहेरच्याला कळता कामा नये, एवढंच.”

मावशीने खोकल्याची उबळ आल्यासारखे केले आणि कप विसळायला उठली.

संगणकापाशी येऊन टिटवी टंकू लागणार तोच तो सवयीने भिंतीकडे वळला. या वेळी ती म्हणाली, “पाठ फिरवून काय होतंय? कळांच्या आवाजावरून शब्द केवढे ते कळतं. मला तरी कळलं असतं.”

“मग मी काय करू?”

तिने बूथकडे बोट दाखवले. तो खरोखरच आत गेला, दार ओढून घेतले, हेडफोन चढवले आणि काचेकडे पाठ करून बसला. टिटवीने निवांत, कुणाचीही धास्ती न बाळगता, आपले अनोळखी शब्द एका ओळीत उभे केले. काम झाल्यावर त्याला हाक मारायची तर हाक आत जाणार नव्हती. तिने यंत्राची चकती फिरवली आणि एक मधला सूर सोडला.

त्याने दचकून शेजारचे बटण दाबले. पॅनेलवर दिवा लागला.

तिला गंमत वाटली. तिने सूर बारीक केला. दिवा लागला. आणखी बारीक. दिवा. सूर इतका झिरझिरीत झाला की वाऱ्यावर उडालेल्या धाग्यासारखा तो असून नसल्यागत होता; तरी जरा वेळाने, जणू लाजत, दिवा लागला. काचेपलीकडे त्याची पाठ निश्चल होती, मान किंचित कललेली. आपले कुणी इतके मन लावून ऐकत आहे, हे दृश्य टिटवी रोज पाहत असे. आज पहिल्यांदाच ते पाहताना ती चकती फिरवायची विसरली.

“कान चांगले आहेत तुमचे,” तो बाहेर आल्यावर ती म्हणाली.

“कुणी एवढ्या हळू बोललं तर ऐकावंच लागतं.”

नंतरच्या भेटीत तो एक रिकामी जागा घेऊन आला. तिजोरीच्या मांडणीत एक कप्पा उरला होता.

“यात एका विश्वासू माणसाला नेमता येतं. समजा, तुमचं काही बरंवाईट झालं, तुम्ही बोलू शकत नाही. तो माणूस विनंती पाठवतो. तुम्हाला तसं लगेच कळवलं जातं. तुम्ही जी मुदत ठरवली असेल, त्या मुदतीत नकार दिलात की विषय संपला. नकार आला नाही, तर दार उघडतं.”

“म्हणजे गप्प राहिलं की होकार.”

तिचा आवाज बदलला होता. बाहेर पागोळ्या गळत होत्या. खोलीत पहिल्या दिवसाची ती शांतता परत येऊन बसली. मावशी दारातूनच मागे फिरली.

“माझं लग्न ठरलं होतं,” टिटवी टेबलाच्या कडेवरून बोट फिरवत म्हणाली. “त्याचं म्हणणं, आपल्यात लपवायचं काय? सगळे पासवर्ड दे. दिले. तेव्हा मला दुसऱ्या शहरात, मोठ्या रुग्णालयात, लहान मुलांच्या कानांचं काम शिकायला बोलावणं आलं होतं. त्यानं माझ्या मेलवरून, माझ्या नावानं, माझ्याच गोड भाषेत नकार पाठवून दिला. घरगुती अडचण, म्हणे. मी जाब विचारला तर म्हणाला, जाऊ नकोस असं तुला म्हटलं होतं की. तू काही बोलली नाहीस. मी होकार धरला.”

त्याने हातातली छत्री खाली ठेवली.

“मी विचार करत होते. विचार करताना मी गप्पच असते.”

सहानुभूतीचा एखादा शब्द येईल, या भीतीने तिने अंग चोरले होते. तो आला नाही. त्याने विचारले, “तुमच्या बूथमध्ये माणूस गप्प राहिला, तर तुम्ही काय धरता?”

“ऐकू आलं नाही असं धरते. आवाज वाढवून परत विचारते.”

“हा नियम चांगला आहे.” त्याने मान हलवली. “तिजोरीचा नियम वेगळा, कारण तिथे मुदत जिची तिजोरी ती ठरवते, नियम आधी सांगितलेला असतो, आणि नकाराचं बटण तिच्याच हातात असतं. त्या माणसानं तुम्हाला यातलं काहीच दिलं नव्हतं. पण तुम्हाला हे पटत नसेल तर कप्पा रिकामा ठेवूया. काही अडत नाही. केंद्राच्या चाव्या मावशींबरोबर वाटून घेतल्यात, तेवढं पुरे.”

कप्पा रिकामा राहिला. तो निघाला तेव्हा तिने, थट्टा वाटावी इतपतच सुरात, विचारले, “आणि तुम्हाला नेमलं असतं तर?”

“मला नको,” तो छत्री उघडत म्हणाला. “कुलूप बसवणाऱ्याकडे किल्ली राहू नये. निदान काम चालू असेपर्यंत तरी.”

तो जिना उतरल्यावर मावशी आतून आली. “काम चालू असेपर्यंत तरी, असं म्हणाला ना गं?”

“मला ऐकू नाही आलं. सर्दी आहे.”

“सर्दी जाऊन कितीक दिवस झाले, टिटवे.”

काम संपायला आले, तसे टिटवीला एका चमत्कारिक गोष्टीचे नवल वाटू लागले. व्यवस्था नीट लागत होती, फोनवर, संगणकावर, टॅबलेटवर सगळे एकसारखे उमटत होते, कुठे काही अडत नव्हते. आणि तिला ते अडावेसे वाटत होते. एका संध्याकाळी तिने चांगला चालणारा पासवर्ड केवळ त्याला विचारता यावे म्हणून मोडायचे ठरवले, आणि स्वतःच्याच बोटांची लाज वाटून हात मागे घेतला.

शेवटच्या दिवशी तिजोरीने दाखवून दिले की एकच जुना पासवर्ड अजून बदलायचा राहिला आहे. ती तीच मेलपेटी होती. त्या माणसाशी मोडल्यापासून टिटवीने तिच्याकडे पाहिलेही नव्हते. जळालेल्या खोलीचे दार लोटून ठेवावे तशी ती मागे टाकली होती. आज तिने ती उघडली. कुलूपवाला न सांगता बूथमध्ये जाऊन बसला. तिजोरीने एक नवा, लांबलचक पासवर्ड घडवून दिला. त्याचा कुठल्या कानाशी, वाढदिवसाशी, माणसाशी काडीचा संबंध नव्हता. टिटवीने तो स्वीकारला. मग तिथेच, त्याच पेटीतून, तिने त्या रुग्णालयाला चार ओळी लिहिल्या: पुन्हा कधी प्रशिक्षण असेल तर मला यायचे आहे. पाठवले. खिडकीबाहेर पागोळ्या थांबल्या होत्या.

तिने यंत्रावरचा सगळ्यात बारीक सूर सोडला. दिवा लागला. तो बाहेर आला.

“संपलं?” तिने विचारले.

“संपलं. आता तुम्हाला माझी गरज पडू नये, असं काम झालंय.”

“स्वतःच्या पोटावर पाय देणारी कला आहे तुमची.”

“आहे खरी.” तो सामान पिशवीत भरू लागला, जरुरीपेक्षा हळू.

आतल्या खोलीतून मावशीचा आवाज आला, “मी कपाट आवरतेय. मला इथून काही ऐकू येत नाही.”

टिटवीने फोन उचलला, काहीतरी केले, आणि खाली ठेवला. त्याच्या खिशात फोन थरथरला. त्याने तो काढून पाहिला. विश्वासू माणूस म्हणून नेमणुकीचे निमंत्रण होते. खाली दोन बटणे.

“काम संपलंय,” ती म्हणाली. “म्हणजे आता तुम्ही इथले कुलूपवाले नाही. मुदत मी भरपूर ठेवली आहे. उत्तर सावकाश द्या, फोनवर द्या. ते तिजोरीचं झालं.”

“आणि?”

“आणि... एक विनंती तिच्यात बसत नाही.” रोज इतरांना ती सांगत असे: घाबरू नका, नुसतं ऐका, आणि ऐकू आलं की दाबा. “रविवारी संध्याकाळी या. काही बिघडलेलं नसताना. चहा मी करीन, मावशीचा करपतो.”

“मला ऐकू येतंय हं,” कपाटातून आवाज आला.

त्याच्या ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी उमटले आणि विरले. “आणि त्या रविवारनंतर?”

“त्याच्या पुढच्या रविवारीही इथे काही बिघडू नये आणि तुम्ही यावं. असं बरेच रविवार... मला वाटतं.” तिने नजर उचलली. “मी पहिल्या दिवसापासून तुमची पाठच जास्त पाहिलीय. आता चेहरा पाहायचाय.”

तो तिच्याकडे पाहत राहिला; छत्रीची मूठ त्याने दोन्ही हातांत धरली होती, पहिल्या दिवसासारखीच.

“एक विचारू?” तो अगदी हळू म्हणाला. “इथे नियम कोणता? मी गप्प राहिलो, तर बूथचा नियम धराल, की तिजोरीचा?”

टिटवीने विचार केला, आणि विचार करताना ती गप्पच राहिली. तो थांबला. त्याने तिच्या गप्प राहण्याचा काहीही अर्थ लावला नाही. आवाज न वाढवता, नुसता थांबला. आपल्या विचाराला कुणी एवढी जागा दिल्याचे तिला माहीत नव्हते.

“तिजोरीचा,” ती म्हणाली. “मुदत रविवारपर्यंत. नकार द्यायची पूर्ण मोकळीक आहे. एका शब्दात दिला तरी चालेल, जिन्यावरून पुटपुटलात तरी चालेल. मला ऐकू येतं.”

त्याने बोलायला तोंड उघडले. मग काही आठवल्यासारखे ते मिटून घेतले. पिशवी खांद्याला लावली, कानाच्या त्या मोठ्या चित्राकडे एकदा पाहिले, एकदा तिच्याकडे, आणि दार उघडून तो जिन्याकडे गेला.

टिटवी उंबरठ्यात उभी राहून ऐकत होती. पायऱ्या उतरणारी पावले मधल्या वळणावर थांबली. एक शब्द बोलायला तिथे पुरेशी शांतता होती. आज ती शांतता कुठेही बोचत नव्हती. मग खालून, कुणी पाठ केलेला धडा पुन्हा म्हणून पाहावा तसे, बारीक आवाजात आले—

हातोडा... ऐरण... रिकीब...

आणि नकार न देताच तो निघून गेला.